औषधांच्या डब्याची झाडलोट

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की माळ्यावरच्या ट्रंकेपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळ्यांना ऊन दिसते. राहतो तो फक्त औषधांचा डबा. पावसाळ्यातल्या तापाच्या गोळ्या, निम्मी उरलेली खोकल्याची बाटली, कुणाच्या तरी डोळ्यांत घालायचे थेंब, सारी मंडळी तिथे सुखाने नांदत असतात. माझा व्यवसाय औषधांचा, त्यामुळे शेजारीपाजारी असे डबे घेऊन येतात आणि विचारतात, "तारीख उलटली, आता याचं विष झालं का हो?"

वाचकहो, बहुतेक औषधांचे विष होत नाही. वेष्टनावरची तारीख ही कारखानदाराची हमी असते. सांगितल्याप्रमाणे ठेवलेत, तर या तारखेपर्यंत औषधाचा गुण पुरता राहील, एवढेच तो सांगतो. अमेरिकेच्या लष्कराने आपला साठा वाया जाऊ नये म्हणून १९८६ साली तेथील औषधखात्याकडून अशा औषधांची तपासणी सुरू केली. २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२२ औषधांच्या ३,००५ खेपांपैकी ८८ टक्के खेपांची मुदत निदान एक वर्षाने वाढवता आली.

हे ऐकताच आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मग पैसे टाकून आणलेलं औषध फेकायचं कशाला?"

"मावशी, ते औषध मूळ वेष्टनात, नीट राखलेल्या कोठारात होतं. तुमचा डबा शेगडीच्या वरच्या फळीवर आहे!"

ऊब, ओल आणि उजेड हे औषधाचे तीन वैरी. ॲस्पिरिनचेच पाहा. दमट हवेतल्या पाण्याशी संयोग होऊन त्याचे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल बनते. हे दुसरे आम्ल म्हणजे शिरक्यातले. गोळ्यांना शिरक्यासारखा आंबूस वास आला, की समजावे, औषध मोडले. विषाचा अपवादही सांगायला हवा. खराब झालेल्या जुन्या टेट्रासायक्लिनमुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचे रुग्ण १९६३ साली नोंदले गेले होते.

मावशींच्या डब्यात याहून गंभीर गोष्ट निघाली. काकांच्या छातीत कळ आली, की जिभेखाली धरायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या! त्या मूळच्या काचेच्या बाटलीतून काढून, कापूस घालून, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेल्या. "खिशात सोयीची पडते," मावशी म्हणाल्या. पण हे द्रव्य उडून जाणारे. प्लॅस्टिक आणि कापूसही ते शोषून घेतात. गोळी दिसायला तशीच राहते, गुण मात्र ओसरलेला असतो. ऐन वेळी काय झाले असते, हे मावशींना सांगावे लागले नाही. त्याच संध्याकाळी नवी बाटली आली.

तेव्हा एक साधा नियम. ज्या औषधावर जीव अवलंबून आहे, त्याच्या तारखेशी खेळू नये. इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पाणी घालून तयार केलेले मुलांचे जंतुनाशक औषध वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांपुरतेच. पुष्कळदा ते दिवस सातच असतात, पुढची छापील तारीख कोरड्या भुकटीची. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिनाभर चालतात. म्हणून उघडलेला दिवस बाटलीवर लिहून ठेवावा. जलसंजीवनी कालवली, की चोवीस तासांत संपवावी, उरली तर ओतून द्यावी.

औषधांचा डबा स्वयंपाकघरात नको आणि न्हाणीघरात तर नकोच. आतल्या खोलीतले कोरडे, सावलीतले, मुलांचा हात न पोचणारे कपाट उत्तम. गोळ्यांची पट्टी कापताना तारखेचा तुकडा शेवटपर्यंत राखावा. उरलेले जुने औषध कामवाल्या बाईंना 'असू द्या' म्हणून देऊ नये. आपल्याला जे चालत नाही, ते त्यांनाही चालत नाही.

फराळाच्या डब्यांना जागा करताना या डब्यालाही अर्धा तास द्या. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मध्यरात्री कुणाला औषध लागले, तर हातात येईल ते खात्रीचे असेल.