विश्लेषण : रुग्णालयात आलेले किरणोत्सारी खोके ‘दूषित’ कधी ठरते?

डहाणू-तलासरीत किरणोत्सर्ग म्हटले की बोट तारापूरकडे जाते. आगरसारख्या गावातील माणसाचा त्याच्याशी थेट संबंध मात्र येतो तो मुंबईच्या रुग्णालयात. थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-१३१ देतात, हाडांच्या स्कॅनसाठी टेक्निशियम-९९एम टोचतात. ही औषधे तारापूरच्या वीजनिर्मितीतून येत नाहीत. ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ या संशोधन अणुभट्टीतून काही समस्थानिके मिळतात, काही आयात होतात. वाशीची ‘ब्रिट’ ही केंद्र सरकारी संस्था त्यापासून औषधे तयार करून रुग्णालयांना पुरवते. वाटेत खोके गळले तर काय?

मीटर वाजला म्हणजे गळती?

नाही. गोंधळ होतो तो इथेच. धडधाकट खोक्यातूनही थोडी किरणे बाहेर येतात. म्हणून तर पांढरे-१, पिवळे-२, पिवळे-३ अशी लेबले असतात. पिवळे-३ असेल तर पृष्ठभागावर ताशी २ मिलिसिव्हर्टपर्यंत मात्रा चालते. खोके दूषित ठरते ते किरणोत्सारी पदार्थच बाहेरच्या बाजूला लागलेला असेल तर. तो हाताला, दाराच्या कडीला, ट्रॉलीला चिकटून पसरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लखनऊ विमानतळावर कर्करोगावरील औषधाच्या खोक्यामुळे गजर वाजला, एनडीआरएफला बोलावले गेले. तपासणीत गळती आढळली नाही.

मग ओळखायचे कसे?

खोक्यावर कागद किंवा कापूस फिरवून तो मोजणी यंत्राखाली धरायचा. बीटा-गॅमा पदार्थांसाठी वाहतुकीतील मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ४ बेक्रेल. ही ‘पुसणी चाचणी’ काही मिनिटांची, पण घाईत तीच राहून जाण्याची भीती असते. घाईलाही कारण आहे. पेट स्कॅनचे फ्लोरीन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते आणि रुग्ण उपाशी बसलेला असतो. त्यातून खोके पहाटे आले तर ते पहिल्यांदा हातात घेतो तो सुरक्षारक्षक किंवा वॉर्डबॉय. प्रशिक्षणाची खरी गरज त्याला आहे.

खोके ओले, फाटलेले किंवा मर्यादेबाहेर दूषित असेल तर ते कुरिअरवाल्याच्या हाती परत देऊन मोकळे होता येत नाही. हातमोजे घालून ते प्लास्टिकमध्ये बंद करायचे, जागा अडवायची, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचे, पुरवठादार आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायचे. चालकाचे हात-कपडे आणि गाडीही तपासायची. दूषित वस्तू बाजूला ठेवल्यास वेळच काम करतो: आयोडीन-१३१ चे अर्धआयुष्य ८ दिवसांचे, म्हणजे ८० दिवसांत ते हजाराव्या हिश्शाच्या आसपास उरते.

रिकाम्या खोक्याचे काय?

तेही मोजून, लेबल खोडूनच भंगारात द्यायचे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० मुळे एकाचा जीव गेला. ते रुग्णालयाचे खोके नव्हते, दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने यंत्र होते. पण भंगारवाल्याला लेबल वाचता येत नाही, हा धोका तोच.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतूनच जातो. तीन पात्यांचे चिन्ह असलेली गाडी अपघातात सापडली, तर आधी जखमींना मदत करा, ११२ ला कळवा. पडलेल्या खोक्याला हात लावू नका, जवळ जाऊन व्हिडीओही नको. काय करायचे आणि कोणाला फोन करायचा, हे चालकाजवळच्या ‘ट्रेमकार्ड’वर लिहिलेले असते; ते पोलिसांच्या हाती द्या.