झिंगाट नेमकं कुणाचं?

परवा गॅदरिंगच्या गाण्यांची यादी करायला आम्ही सहा-सात जण कॉमन रूममध्ये बसलो होतो. शेवटचं गाणं कोणतं, यावर आपल्याकडे वाद होत नाही. शेवटी झिंगाट, विषय संपला! पण यंदा एका ज्युनिअरने लॅपटॉपवर गाणं लावलं आणि मी चपापलो. चाल तीच, ठेका तोच, शब्द मात्र हिंदी. मी म्हटलं, "अरे, ओरिजिनल लाव ना." तो अगदी निरागसपणे म्हणाला, "भैया, यही तो ओरिजिनल है. इसका मराठी वर्जन भी है क्या?"

दोन सेकंद शांतता. आणि मग जो गोंधळ झाला, तो रेक्टर सरांच्या खोलीपर्यंत गेला असणारच!

पोरगा बिहारचा. त्याने 'धडक' आधी पाहिला, 'सैराट'चं नावही ऐकलं नव्हतं. यात त्याचा काय दोष? तरी आमच्यातल्या काहींनी त्याला असं फैलावर घेतलं, जणू त्यानेच गाणं ढापलं होतं. "हिंदीवाले आपली गाणी चोरतात" इथपर्यंत गाडी गेली. मित्रांनो, म्हणूनच हा लेख.

आधी फॅक्ट्स बघू. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला, 'धडक' जुलै २०१८ मध्ये. दोन्हींचं झिंगाट अजय-अतुल यांचंच, दोन्हीकडे आवाजही त्यांचेच. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. म्हणजे चोरीबिरी काही नाही. स्वतःच्याच घरातली वस्तू त्यांनी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. हे त्यांनी पहिल्यांदा केलं असंही नाही. 'जत्रा' (२००६) मधली आपली 'कोंबडी पळाली' २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन नाचली, तेव्हाही संगीतकार तेच होते. १९७२ च्या 'समाधी'तलं 'काँटा लगा' २००२ मध्ये रिमिक्स होऊन आलं, तेव्हा आर. डी. बर्मन हयात नव्हते. तिथे परवानगी, मान वगैरे प्रश्न विचारता येतात. इथे तो प्रश्नच नाही.

मग फरक काय? आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून लॅबच्या भाषेत सांगतो. बाकी सगळं कॉन्स्टंट ठेवायचं आणि एकच व्हेरिएबल बदलायचं, की त्याचा परिणाम कळतो. झिंगाटमध्ये हा प्रयोग आयता झालाय. संगीतकार तेच, गायक तेच, चाल तीच. बदलले फक्त शब्द. कोंबडीची चमेली होताना मूळ नावाचं पीसही उरलं नव्हतं. इथे मात्र एक शब्द कुणाला बदलता आला नाही. तो म्हणजे 'झिंगाट'!

का बदलता आला नाही? मराठीत शेवटी 'आट' असलेल्या शब्दांचं एक टवाळ घराणंच आहे. सुसाट, मोकाट, भन्नाट, सैराट. यातल्या एकालाही लगाम नाही. झिंगाट त्यांच्यातलाच. बाकीचं गाणं उदयपूरला गेलं, पण हा शब्द करमाळ्याचा तो करमाळ्याचाच राहिला.

आणि करमाळा काही लांब नाही. नगरहून सोलापूरच्या एसटीत बसलं, की मिरजगाव मागे पडल्यावर करमाळाच येतं. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण कंडक्टरच्या तोंडी अजून 'नगर'च आहे.) दिग्दर्शक नागराज मंजुळे त्याच तालुक्यातल्या जेऊरचे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी कम्युनिकेशन स्टडीजचं शिक्षण नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात घेतलं. तिथे शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या' या छोट्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेत जायला धडपडणाऱ्या एका मुलाची ती गोष्ट. कॉलेजचं सबमिशन आणि थेट राष्ट्रीय पुरस्कार! आपण आपली सबमिशन्स कशी उरकतो, ते इथे लिहीत नाही. स्टाफही हा अंक वाचतो.

आता जरा गंभीर बोलतो. सैराटमधला परश्या मच्छीमाराचा मुलगा आणि आर्ची गावच्या पाटलांची. ज्या अंगणात तो बेभान नाचतो, तिथे एरवी त्याने मान वर करून बघणंही चालत नाही. म्हणून त्या नाचाला धार आहे. 'धडक'मध्ये गोष्ट तीच, पण जातीचा काटा बराचसा बोथट केलेला. शब्द बदलताना गाण्याखालची जमीन सरकली ती अशी. हिंदी झिंगाटवर नाचायला मजा येते, नाही कोण म्हणतंय? पण नाचताना भीती वाटावी असं त्यात काही उरलेलं नाही.

आणि ती भीती काही फक्त सिनेमातली नव्हे. एप्रिल २०१४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला म्हणून मारला, असा आरोप होता. २०१७ मध्ये आरोपी कोर्टातून निर्दोष सुटले. सतरा वर्षं म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षा जेमतेम एक वर्षाने लहान.

आता खरं सांगा, त्या बिहारच्या पोराला फैलावर घेणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मलाही नव्हतं. सैराट आला तेव्हा मी पाचवीत होतो. गाणं लागलं की सगळ्यांबरोबर नाचायचो, बस्स. झिंगाट लागलं की आपण शर्ट काढून फिरवतो आणि गाणं संपलं की मेसला पळतो. मग आपणही त्याचा एक रिमिक्सच केला की! हिंदीवाल्यांनी निदान नवे शब्द लिहिले. आपण तर मराठी शब्द असूनही कधी ऐकले नाहीत.

म्हणून माझं मत असं. गॅदरिंगला मराठी झिंगाट लावा. हट्ट म्हणून नाही, ते आपल्या शेजारच्या तालुक्याचं आहे म्हणून. हिंदीही लावा, त्या पोरालाही नाचू द्या. पण गॅदरिंगच्या आदल्या रात्री कॉमन रूमच्या प्रोजेक्टरवर 'सैराट' पूर्ण दाखवा. रेक्टर सर, त्या एका रात्री लाइट अकराला बंद करू नका, ही जाहीर विनंती.

ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट आठवत असेल. ज्या चित्रपटातल्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, त्याच्या शेवटच्या प्रसंगात संगीत नाही, आवाजसुद्धा नाही. ती शांतता ऐकून मग दुसऱ्या दिवशी झिंगाटवर नाचा. नाच कमी होणार नाही, पण कशावर नाचतोय ते कळेल.

ता. क. : त्या ज्युनिअरला मी मराठी झिंगाट ऐकवलं. शब्द कळले नाहीत म्हणाला, अर्थ समजावून मागितला. चार ओळी समजावताना मीच तीनदा अडलो!