अक्षरें कीं अक्षरांचीं चित्रें?

मराठी पुस्तकांत चुका फार होतात, ही तक्रार जुनी आहे. परंतु तिला मिळणारें उत्तर मात्र नवें आहे. पूर्वीं चूक झाली म्हणजे खिळे जुळविणारा मुद्रितशोधकाकडे बोट दाखवी आणि मुद्रितशोधक लेखकाच्या हस्ताक्षराकडे. आतां सर्वांचीं बोटें एकाच दिशेला वळतात: ‘पीडीएफ करतांना गडबड झाली!’ जणूं पीडीएफ हा अवर्षणासारखा एखादा दैवी कोप आहे आणि त्यापुढें लेखक, प्रकाशक व मुद्रक हे तिघेहि हतबल आहेत. आमचें म्हणणें असें कीं, हें उत्तर खोटें आहे. आणि त्यावर जो उपाय आज सर्रास योजला जातो, तो रोगापेक्षां औषध भयंकर अशांतला आहे.

पीडीएफ ही ॲडोबी या अमेरिकन कंपनीनें १९९३ सालीं काढलेली व २००८ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली पद्धति होय. पान जसें जुळविलें तसेंच तें कोणत्याहि यंत्रावर दिसावें, हा तिचा हेतु. त्यासाठीं तींत अक्षरांच्या आकृति आणि त्यांच्या पानावरील जागा नोंदलेल्या असतात. आकृति येतात फॉन्टांतून. फॉन्ट फाइलीसोबत घातला नसेल, तर छापखान्यांतील यंत्र आपल्या पदरचा दुसरा फॉन्ट लावून मोकळें होतें. मग ओळी सरकतात, शब्द तुटतात, प्रकरणांचीं पानें पुढें-मागें होतात. यांत दैवाचा काय संबंध? फॉन्ट सोबत जावा कीं नाहीं, हें फाइल सिद्ध करतांना माणूसच ठरवितो, किंवा ठरविण्याचें विसरतो.

देवनागरीपुरत्या घोटाळ्याचीं मुळेंहि अशींच साधीं आहेत. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वींच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकृति बसविलेल्या असत. पडद्यावर आपणांस ‘क’ दिसतो. यंत्राच्या लेखीं मात्र तें एखादें रोमन अक्षर किंवा चिन्ह असतें. फॉन्ट सुटला कीं सोंग उतरतें आणि पानभर रोमन अक्षरांचा कचरा उरतो. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःचीं घरें आहेत. परंतु तेथें ‘कि’ लिहितांना आधीं व्यंजन व मग वेलांटी अशी नोंद होते, आणि वेलांटी डावीकडे नेऊन दाखविणें हें जुळणीच्या सॉफ्टवेअरचें काम असतें. इनडिझाइनमध्यें त्यासाठीं ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. तो न निवडल्यास वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरें पाय मोडून सुटीं होतात. ‘ल’ आणि ‘श’ यांचेंहि तसेंच. कित्येक फॉन्टांत या अक्षरांचे मराठी व हिंदी असे दोन्ही घाट असतात. मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद केली नाहीं, तर हिंदी घाट छापला जातो. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णलेखन ठरवून दिलें खरें. पण तें पाळलें जाणें न जाणें एका बारीकशा नोंदीवर अवलंबून आहे, हें किती प्रकाशकांस ठाऊक असेल?

रंगांच्या व चित्रांच्या तक्रारींचें कोडेंहि असेंच सुटतें. काळा मजकूर पडद्याच्या तीन रंगांत ठेवून पाठविला, तर छपाईच्या वेळीं तो एका काळ्या शाईऐवजीं चार शाईंत वांटला जातो. आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांच्या कडांना रंगीत पदर सुटतो. छायाचित्र ४ इंच रुंद छापावयाचें, तर इंचास ३०० बिंदू या हिशेबानें त्याची रुंदी १२०० बिंदू हवी. फोनवरून आलेलें, वाटेंत आक्रसलेलें चित्र ताणून बसवावयाचें आणि तें धूसर छापलें म्हणून छापखान्यास दोष द्यावयाचा, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

हे सर्व दोष ओळखतां येतात आणि सुधारतां येतात. परंतु ओळखण्याचे कष्ट नकोत म्हणून आमच्या व्यवसायानें एक आडवाट शोधून काढली आहे. ‘कर्व्ह करून पाठवा,’ हा तो मंत्र. कर्व्ह करणें म्हणजे पुस्तकांतील अक्षरांचें अक्षरपण काढून घेऊन त्यांच्या नुसत्या बाह्यरेषा शिल्लक ठेवणें. मग फॉन्ट लागत नाहीं, वेलांटी सरकत नाहीं, छापखान्याची तक्रार येत नाहीं. सर्व कसें निर्वेध पार पडतें! फक्त त्या फाइलींत मराठीचें एकहि अक्षर उरत नाहीं. उरतात तीं अक्षरांचीं चित्रें.

‘कागदावर नीट छापलें म्हणजे झालें, वाचकास त्याचें काय?’ असा प्रश्न आम्हांस विचारला जातो. वाचकास त्याचें पुष्कळ आहे. ज्याची दृष्टि गेली आहे असा वाचक यंत्राकडून पुस्तक वाचवून घेतो. चित्रांच्या त्या ओळींपुढें तें यंत्र मुकें होतें. अभ्यासकास सहाशें पानांच्या चरित्रांत एक नांव शोधावयाचें असतें. शोध रिकामा परततो. दहा वर्षांनीं दुसरी आवृत्ति काढावयाची ठरते, जुळणी करणारा धंदा सोडून गेलेला असतो, आणि प्रकाशकाच्या कपाटांत असते ही कर्व्ह केलेली फाइल. तींत एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारावयाचें म्हटलें तरी तो मजकूर नव्यानें टंकित करावा लागतो, किंवा पानें यंत्राकडून ओळखवून घेऊन त्यानें केलेल्या जोडाक्षरांच्या चुका निस्तराव्या लागतात. खिळ्यांच्या काळीं छपाई झाल्यावर खिळे सोडवून पुन्हां खणांत टाकीत, कारण पुढच्या पुस्तकास तेच लागत. ती गरज होती. आज जुळणी जतन करण्यास कवडीचा खर्च नसतां आपण ती आपल्या हातानें मोडतों, याला गरज म्हणावें कीं आळस?

मुद्रकाची बाजू आम्ही नाकारीत नाहीं. ऐन वेळीं सदोष फाइल त्याच्या गळ्यांत मारली जाते आणि नुकसान त्याच्या माथीं येतें. मग त्यानें सुरक्षित वाट धरली तर नवल नाहीं. मुखपृष्ठावरील चार अक्षरांचें सुलेखन कर्व्ह करण्यासहि आमची हरकत नाहीं. एखाद्या फॉन्टाचा परवानाच तो फाइलींत घालूं देत नाहीं, हेंहि आम्ही जाणतों. तेथें दुसरा फॉन्ट निवडावा. परंतु सबंध पुस्तक कर्व्ह करण्याचें कारण यांतून निघत नाहीं. छपाईसाठीं पीडीएफ-एक्स या नांवाचें वेगळें मानक २००१ पासून आहे आणि फॉन्ट सोबत घातल्यावांचून फाइल त्याच्या कसोटीस उतरत नाहीं. मग भीति कसली?

दोष मुख्यतः प्रकाशकाचा आणि त्याच्या खालोखाल लेखकाचा. लेखक जुळणीचीं प्रुफें तीन-तीनदां वाचतो. पण छपाईस जाणारी शेवटची पीडीएफ वाचीत नाहीं, आणि चुका शिरतात त्या नेमक्या या दोहोंच्या मधल्या पायरीवर. त्यानें ती फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावी. फाइलीच्या माहितींत फॉन्टांची यादी असते. प्रत्येक फॉन्ट सोबत आहे कीं नाहीं तें तेथें दिसतें. एखादा जोडाक्षरयुक्त शब्द शोधून पाहावा. एक परिच्छेद उचलून दुसरीकडे उतरवावा. रोमन कचरा उतरला, किंवा कांहींच उतरलें नाहीं, तर पुस्तक आंतून मेलेलें आहे असें समजावें. युनिकोडमध्यें नीट जुळविलेल्या पीडीएफमधूनहि कधीं कधीं वेलांट्या व रफार जागा सोडून बाहेर येतात. म्हणूनच एकट्या पीडीएफवर विसंबून न राहतां जुळणीची मूळ युनिकोड फाइल जपून ठेवणें अवश्य आहे. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्यें आणणारीं साधनें आहेत. तीं वापरून मजकूर एकदां डोळ्यांखालून घालावा.

केंद्र सरकारनें २०२४ सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आपण सर्वांनीं आनंद मानला, आणि तो योग्यच होता. त्या आनंदांत सामील झालेल्या प्रत्येक प्रकाशकास आमचें एकच मागणें आहे. यापुढील प्रत्येक करारांत एक कलम घालावें: पुस्तक छापून होतांच लेखकास व प्रकाशकास दोन फाइली मिळाल्या पाहिजेत, एक छपाईची आणि एक जिवंत अक्षरांची. जो जुळणीकार दुसरी फाइल देत नाहीं, त्यानें काम अर्धेंच केलें असें समजून त्याचें बिल तेवढेंच चुकतें करावें.