चार दारांची गाडी, दोन दारांचा हव्यास

साठच्या दशकातील एखादी अमेरिकन मोटार विकत घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळते. मॉडेल तेच, साल तेच, इंजिनही तेच. पण दोन दरवाजांच्या गाडीची किंमत एक आणि चार दरवाजांच्या गाडीची दुसरी. ही दुसरी किंमत पुष्कळच कमी असते. मग साहजिकच मनात विचार येतो की, चार दरवाजांची स्वस्त गाडी घ्यावी, घरामागच्या शेडमध्ये ती कापावी, मागचे दरवाजे बुजवावेत, पुढचे लांबवावेत आणि दोन दरवाजांची गाडी करावी. अमेरिकेत हा उद्योग अनेक वर्षे चालत आला आहे. त्यातले काही जण यशस्वी होतात. बाकीच्यांच्या गाड्या अर्धवट कापलेल्या अवस्थेत ताडपत्रीखाली गंजत पडतात.

आपल्याकडे जुन्या मोटारींची हौस गेल्या काही वर्षांत संस्थानिकांच्या आणि उद्योगपतींच्या वाड्यांतून बाहेर पडून मध्यमवर्गाच्या सोसायट्यांपर्यंत आली आहे. आजोबांची अँबेसेडर, काकांची फियाट कोणीतरी हौसेने उभी करतो. हौसेबरोबर परदेशी कल्पनाही येतात. परंतु २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम यांमुळे या कल्पनेचा भारतातला हिशेब अमेरिकेहून पूर्णपणे वेगळा झाला आहे. तो मांडण्यापूर्वी मुळात हे काम काय आहे, ते समजून घ्यावे लागेल. कारण कायद्याच्या कठोरपणामागे पत्र्याचेच शास्त्र आहे.

मोटारीचे छत खांबांवर उभे असते. पुढच्या काचेलगतचा पहिला खांब, दोन दरवाजांमधला दुसरा आणि मागच्या काचेलगतचा तिसरा. दुसरा खांब केवळ छत पेलत नाही. मागच्या दरवाजाची बिजागरे त्यावर असतात, पुढच्या दरवाजाचे कुलूप त्यात अडकते, पट्टा असलेल्या गाडीत पट्ट्याचा वरचा टोकाचा बोल्ट तिथेच असतो आणि बाजूने धडक बसली तर प्रवाशाच्या आणि दुसऱ्या गाडीच्या मध्ये तोच उभा असतो. चार दरवाजांची गाडी दोन दरवाजांची करायची म्हणजे हा खांब मुळापासून कापून काही इंच मागे न्यायचा. मागचा दरवाजा नुसता वेल्डिंगने बंद केला तर खांब जागेवर राहतो खरा. पण मागे बसणाऱ्याला आत शिरायला वाटच उरत नाही आणि गाडी दिसते ती खिडकी विटांनी बुजवलेल्या घरासारखी.

खांब हलवला की पुढचा दरवाजा लांब हवा. कारखान्याने त्याच मॉडेलची दोन दरवाजांची गाडी काढली असेल तर भंगारातल्या गाडीचे दरवाजे आणि मागच्या बाजूचे पत्रे मिळू शकतात. नसेल तर दोन दरवाजे कापून एक जोडावा लागतो. लांब दरवाजा जड होतो, त्याचा सगळा भार पहिल्या खांबावरील बिजागरांवर येतो आणि तो खांब आतून बळकट केला नाही तर काही महिन्यांत दरवाजा खाली लटकू लागतो. काचेची अडचण तर अनेकांना काम अर्ध्यावर आल्यावरच कळते. दरवाजातली टफन्ड काच कापता येत नाही. कापायला गेले की तिचा चुरा होतो. नव्या मापाची काच आधी कापून मग तापवून कडक करून घ्यावी लागते, म्हणजे माप एकदाच आणि अचूक द्यावे लागते. शिवाय पुढच्या आसनाची पाठ पुढे दुमडणारी हवी, नाहीतर मागचा प्रवासी आत जाणार कसा आणि अपघातात बाहेर येणार कसा?

या सगळ्याच्या आधी एक काम असते, ज्याकडे उत्साही मंडळी हमखास दुर्लक्ष करतात. खांब कापण्यापूर्वी दरवाजांच्या चौकटींत आडव्या-तिरप्या लोखंडी नळ्या जोडून सांगाडा जखडून ठेवावा लागतो. तसे न करता कापले तर मधला भाग हळूच खाली बसतो. फरक काही मिलिमीटरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण नंतर एकही दरवाजा धड लागत नाही. वेल्डिंगची उष्णताही तशीच घातक. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. त्यावर सलग वेल्डिंग केले की तो लाटेसारखा उचलतो. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर टाके मारायचे, थांबायचे, गार होऊ द्यायचे, दुसऱ्या टोकाला जायचे. घाई झाली की वाकडेपणा पुट्टीखाली झाकला जातो आणि वर चकचकीत रंग चढतो. गाडी खरेदी करणाऱ्याला रंग दिसतो, पुट्टी दिसत नाही.

अमेरिकेत हे निदान शक्य तरी का होते? त्या काळातल्या बहुतेक मोठ्या अमेरिकन गाड्यांत वजन पेलणारी लोखंडी चौकट वेगळी आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी वेगळी. बॉडी कापली तरी खालची चौकट शाबूत राहते. १९५५ ते १९५७ च्या शेव्हरोले मोटारींत पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर दोन दरवाजांच्या आणि चार दरवाजांच्या गाडीत सारखेच, ११५ इंच होते. पण सगळीकडे इतके सोपे नाही. १९६८ ते १९७२ च्या शेव्हेल मोटारीत दोन दरवाजांच्या गाडीसाठी हे अंतर ११२ इंच आणि चार दरवाजांच्या गाडीसाठी ११६ इंच होते. म्हणजे कितीही सफाईने दरवाजे बदलले तरी गाडी चार इंच लांबच राहणार. जाणकाराच्या नजरेला ती पहिल्या क्षणी खटकते.

जाणकाराला नजरेवर विसंबावे लागत नाही, हा पुढचा भाग. १९६५ ते १९७१ च्या काळातील शेव्हरोले मोटारींच्या ओळख क्रमांकातच बॉडीचा प्रकार नोंदलेला असे. शेव्हेलच्या क्रमांकात ‘३७’ म्हणजे दोन दरवाजांची हार्डटॉप, ‘६९’ म्हणजे चार दरवाजांची सेडान. त्यामुळे अंगणात घडवलेली गाडी कितीही देखणी असली तरी तिचा क्रमांक खरे बोलतो. आणि फसवण्याच्या हेतूने तो क्रमांक बदलणे किंवा खोडणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. किमतीतील तफावत हे या उद्योगाचे मूळ कारण. पण कष्ट करून मिळवलेली गाडी बाजारात अस्सल दोन दरवाजांची म्हणून विकलीच जात नाही. उलट काळाचा खेळ असा की ‘सुपरनॅचरल’ या २००५ ते २०२० या काळात चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या १९६७ च्या इम्पालाने चार दरवाजांच्या हार्डटॉपलाच नवे चाहते मिळवून दिले.

भारताचा प्रवास तर अगदी उलट्या दिशेचा. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ पासून बनवलेली हेराल्ड मूळ ब्रिटिश आराखड्याप्रमाणे दोन दरवाजांची होती. इथल्या कुटुंबाला ती सोयीची वाटेना. लुगडे सावरत आजी मागच्या आसनावर जाणार, पुढे चालक बसणार. अशा घराला चार दरवाजे हवेत. कंपनीने १९६८ मध्ये खास भारतासाठी चार दरवाजांची हेराल्ड काढली. जगात अन्यत्र अशी हेराल्ड झाली नाही. हेराल्डला वेगळी चौकट होती म्हणून हा बदल तुलनेने सुलभ झाला. पुढे बंगळूरच्या सिपानी कंपनीच्या फायबरग्लासच्या दोन दरवाजांच्या डॉल्फिनलाही चार दरवाजांच्या मोंटानाचे रूप घ्यावे लागले. दोन्ही वेळा बदल कारखान्याने केला, नव्या साच्यांवर केला, हे मात्र विसरून चालणार नाही.

अँबेसेडर आणि फियाटची गोष्ट निराळी. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अँबेसेडर काय आणि पुढे पद्मिनी झालेली फियाट ११०० काय, या गाड्यांत वेगळी चौकट नाही. फरशी, दरवाजांखालची पट्टी, खांब, छत हे सगळे मिळून एकच पेटी तयार होते आणि तीच वजन पेलते. यातला खांब कापणे म्हणजे घराची भिंत पाडणे नव्हे, तुळई कापणे आहे. शिवाय अँबेसेडर कारखान्यातून दोन दरवाजांची कधी निघालीच नाही. त्यामुळे भंगारातून आणायलाही सुटे भाग नाहीत.

आता कायद्याकडे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. वाहनाचे मूलभूत स्वरूप पालटणारा रचनेतील बदल म्हणजे ‘फेरफार’, अशी व्याख्याही तिथेच आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम नि:संदिग्ध शब्दांत लावले. रंग बदलणे वा किरकोळ जोडण्या चालतील. सांगाड्यात उत्पादकाच्या आराखड्याबाहेरचा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. नोंदणी पुस्तिकेत बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. दोन दरवाजे नाहीसे झालेली ‘सलून’ तपासनाक्यावर काय सांगणार?

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी दुसरा पाश टाकला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल न झालेल्या खासगी वाहनालाच व्हिंटेजचा दर्जा मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही खूण. अशी गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शने, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. ज्याने गाडी कापली, त्याने हा दर्जा कायमचा गमावला. कारण कापलेला पत्रा पुन्हा जोडता येतो, मूळ रूप परत आणता येत नाही.

इथपर्यंत कायद्याची बाजू प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. घरच्या वेल्डिंगवर बेतलेली पेटी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावू द्यावी, असे कोणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. त्या रस्त्यावर इतरही माणसे असतात. पण एक विसंगती नजरेआड करता येत नाही. त्याच कलम ५२ ने सीएनजीच्या संचाला वाट ठेवली आहे. विजेवर चालणाऱ्या संचासाठीही तपासणीचे नियम आहेत आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ती तपासणी करतात. म्हणजे गाडीचे इंजिन काढून बॅटरी बसवायला रीतसर मार्ग आहे. एका गाडीच्या बॉडीची स्वतंत्र तपासणी करून होय किंवा नाही सांगणारी यंत्रणा मात्र सामान्य मालकाच्या आवाक्यात नाही. विशिष्ट प्रयोजनासाठी सूट देण्याचा केंद्राचा अधिकार कलमात आहे, परंतु तो कागदावरच पाहायला मिळतो. जर्मनीत अधिकृत तज्ज्ञ अशा एकेका वाहनाची तपासणी करून त्याला मान्यता देतो किंवा नाकारतो. बहुतेक अंगणातल्या प्रयोगांना तिथेही नकारच मिळेल. पण तो कारणासह मिळेल.

खरा प्रश्न तर कापाकापी करणाऱ्यांचा नाहीच. तो आहे निमूटपणे गाडी जपणाऱ्यांचा. मुंबईच्या खाऱ्या हवेत पन्नास वर्षे उभ्या असलेल्या फियाटची फरशी आणि दरवाजांखालच्या पट्ट्या कुजलेल्या असतातच. त्या बदलल्याशिवाय गाडी चालवणे धोक्याचे. नवा पत्रा कारखान्याचा मिळत नाही, तो हातानेच वाकवून घ्यावा लागतो. ही दुरुस्ती की ‘बॉडी शेलमधील बदल’? नियम गप्प आहे. निर्णय राज्याच्या तपासणी समितीवर आणि तिच्या त्या दिवशीच्या मतावर सोडलेला आहे. ब्रिटनने ऑगस्ट २०२५ मध्ये हा गोंधळ सोडवला. मूळ रूप न बदलता, जसेच्या तसे केलेल्या पुनर्बांधणीची माहिती वाहन नोंदणी खात्याला देण्याची गरज त्यांनी काढून टाकली आणि रचनेत बदल असेल तर तो कळवण्याचे बंधन ठेवले. आपल्या नियमात अशा अर्थाचे एक स्पष्टीकरण पुरेसे ठरेल: त्याच आकाराचा, त्याच जागी बसवलेला पत्रा म्हणजे बदल नव्हे.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ मधली. वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून इमारतींच्या आवारात उभ्या आहेत आणि त्यांतील सर्वांत जुन्या गाड्यांची पन्नाशी आता भरते आहे. नियम स्पष्ट होईपर्यंत त्यांच्या मालकांनी एवढे तरी करावे की, गॅरेजवाल्याने कुजलेला पत्रा काढण्यापूर्वी आणि नवा बसवल्यावर, रंग चढण्याच्या आत, दोन्ही वेळची छायाचित्रे काढून ठेवावीत. रंगाखाली काय आहे, हे समितीला दाखवण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नाही.