दोष वयाचा नव्हे, ‘अल्ट्रा’चा!

मंडळी, व्हीआर खेळताना मळमळलं की नातवंडं लगेच म्हणतात, "आजोबा, वय झालं तुमचं!" मला हे साफ अमान्य आहे.

साधं गणित करा. २०१६ साली आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्हचा वेग होता ९० हर्ट्झ. सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद. तेवढ्यात दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढायची. ती वेळ चुकली की मान वळते आणि दृश्य मागे रेंगाळतं. कान म्हणतो हललो, डोळा म्हणतो नाही. पोट ढवळणारच!

तरी सगळं ‘अल्ट्रा’वर ठेवायचं, ही कसली हौस? कर्ज काढून लग्नात रोषणाई करण्यातलाच प्रकार. आधी सावल्या आणि प्रतिबिंबं उतरवा. खेळाच्या धांदलीत ती फारशी जाणवत नाहीत, ग्राफिक्स कार्डाचा भार मात्र हलका होतो. रिझोल्यूशनला हात शेवटी लावा, नाहीतर अक्षरं पुसट होतात. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि फ्रेमला लागणारा वेळ बघा. ‘रीप्रोजेक्शन’ हुकलेल्या फ्रेम अंदाजाने भरतं खरं, पण तो टेकू आहे. हलत्या वस्तूंच्या कडा थरथरतात.

खुर्चीत बसून खेळात पळालं तर उत्तम सेटिंगवरही काहींना गरगरतं, हे कबूल. पण हाताशी असलेला उपाय न करता माणसाच्या वयावर बोट ठेवणं हा निव्वळ आळस आहे.

असो. आजीच्या डोक्यावर हेडसेट चढवण्याआधी सावल्या तेवढ्या उतरवा.