चार बायका, दोन तंबू आणि झिरोचं खोरं

येत्या सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही चौघी अरुणाचल प्रदेशात झिरो इथं होणाऱ्या संगीत महोत्सवाला जाणार आहोत आणि चार रात्री तंबूत राहणार आहोत. चौघी म्हणजे मी, माझी नणंद, पुण्यात शिकणारी माझी मुलगी आणि आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. यातल्या एकीनंही आजवर तंबूत रात्र काढलेली नाही. ही बातमी नातेवाइकांत पसरल्यापासून फोन सुरू आहेत. काही काळजीचे, काही चौकशीचे, आणि काही असे की ज्यात काळजी कमी आणि नापसंती जास्त. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहावं म्हटलं. शिवाय हा प्रश्न आम्हा चौघींपुरता नाही. मुसलमान बाईनं केवळ आनंदासाठी, डोंगरात, गाणं ऐकायला जावं का, हा तो प्रश्न आहे.

आधी झिरोविषयी थोडं. लोअर सुबनसिरी जिल्ह्यातलं हे खोरं समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. इथं आपातानी जमातीची वस्ती आहे. भातखाचरांतल्या पाण्यात मासे वाढवायचे, म्हणजे एकाच शेतातून धान्यही आणि मासेही, ही त्यांची शेतीची रीत अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. नांगर आणि बैल न वापरता ही शेती होते, आणि तिच्यातलं पुष्कळसं काम बायका करतात. २०१४ मध्ये या प्रदेशाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. तिथलेच बॉबी हानो आणि दिल्लीतल्या एका रॉक बँडचे गिटारवादक अनुप कुट्टी यांनी २०१२ साली हा महोत्सव सुरू केला. मंच बांबूचे असतात आणि स्थानिक माणसं ते बांधतात. दोन मंचांना सूर्य आणि चंद्र यांची आपातानी नावं दिली आहेत. येणारे बहुतेक जण आसपासच्या माळावर तंबूत राहतात.

पहिला आक्षेप संगीताचा. 'बाजी, तुम्ही नमाजी बाई, तुम्हाला हे शोभतं का?' असं एका भाच्यानं विचारलं. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे मला माहीत आहे. ज्याला ते वर्ज्य वाटतं त्याच्या मताचा मी आदर करते, आणि फतवे देणं हे माझं काम नाही. पण मी मिरजेत वाढले आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. १९३७ साली त्यांचं निधन झालं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी तिथं त्यांच्या स्मरणार्थ मैफली होतात. हिंदू-मुसलमान, बायका-पुरुष सगळे मांडी घालून ऐकतात. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याला आकार देत आले आहेत, आणि त्यात आपलीच घराणी आहेत. तेव्हा मिरजेच्या मुसलमान बाईला संगीत परकं आहे, असं म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या सतारमेकर गल्लीतून चालत जावं.

झिरोला ख्याल-ठुमरीच ऐकायला मिळेल असं मात्र नाही. ईशान्येकडची लोकगीतं, रॉक आणि आणखी पुष्कळ काही तिथं असतं. मुलगी मला महिनाभर त्या त्या कलाकारांची गाणी ऐकवते आहे. काही आवडली, काहींनी डोकं उठलं. जे आवडणार नाही तेव्हा मी भातखाचरांच्या बांधावर फिरायला जाईन. तिथं दारू असणार, हेही मला कुणी सांगायला नको. तांदळाची घरगुती दारू तिथल्या पाहुणचाराचा भागच आहे. पण आपल्या गावातल्या वरातींत काय सरबत वाटलं जातं? पिणाऱ्यांच्या शेजारून आपण रोज एसटी स्टँडवरून जातो. न पिणं हे आपल्या हातात असतं, मिरजेतही आणि झिरोतही.

दुसरा आक्षेप तंबूचा. 'बाईमाणसानं उघड्या माळावर झोपायचं?' याला उत्तर आमच्या सासूबाईंनी दिलं. आमच्या घरात तंबूचा अनुभव असलेल्या त्या एकट्याच. २०११ साली त्या हजला गेल्या होत्या. मिनाला प्रत्येक हाजी तंबूतच राहतो, बाईसुद्धा. लाखो माणसांच्या त्या वस्तीत त्या साठीच्या वयात राहून आल्या. यादी काढायला बसलो तेव्हा त्यांनीच भराभर सांगितलं : चपला पिशवीत घालून उशाशी ठेवा, बाहेर ठेवू नका. तंबूला ओळखीसाठी रंगीत कापड बांधा, सगळे तंबू सारखेच दिसतात. रात्री दोघींनी मिळूनच स्वच्छतागृहाला जा. बॅटरी प्रत्येकीची वेगळी. अंगावरची चादर आपली आपण न्या. डोंगरातल्या तंबूविषयी मी जे जे वाचलं त्यात याहून फार वेगळं काही नव्हतं.

त्यात आम्ही थोडी भर घातली. सप्टेंबरअखेरीला तिथं पाऊस पूर्ण थांबलेला नसतो. म्हणून दुहेरी कापडाचा तंबू हवा आणि खाली अंथरायला ताडपत्री. तंबू जरा उंचवट्यावर, पाणी वाहून जाईल अशा ठिकाणी लावायचा. चिखलासाठी गमबूट. रात्री थंडी पडते, त्यामुळे स्वेटर आणि झोपायची पिशवी. तिथं तंबू भाड्यानंही मिळतात, पण आम्ही दोन विकत घेतले आहेत आणि त्यातला एक गच्चीवर लावून पाहिला. पहिल्यांदा पाऊण तास लागला, तिसऱ्यांदा वीस मिनिटं. समोरच्या इमारतीतल्या बायका बघत होत्या. आता त्यातल्या दोघी विचारतात, पुढच्या वेळी कधी?

जेवणाचं म्हणाल तर तिकडे डुकराचं मांस सर्रास खाल्लं जातं, त्यांचं ते अन्न आहे आणि त्यावर नाक मुरडणं पाहुण्याला शोभत नाही. आपल्याला भात, भाजी, अंडी, मासे यांवर चार दिवस सहज काढता येतात. कढई आणि तेल कोणतं, एवढं विचारायचं. बरोबर कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खजूर आणि चिवडा. कडक भाकरीइतकं प्रवासाला सोयीचं अन्न डोंगर चढणाऱ्या कंपन्यांनाही अजून बनवता आलेलं नाही, असं माझं मत आहे.

नमाजचं काय, हा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटला. आपल्या दीनानं मुसाफिराचा विचार इतका बारकाईनं केला आहे की प्रवास हा मुसलमानाच्या आयुष्याचा भागच धरलेला दिसतो. चार रकातींच्या फर्ज नमाजा प्रवासात दोन होतात. मगरिबच्या तीनच राहतात. पाणी खरोखरच मिळालं नाही तर तयम्मुम आहे. कोकणातल्या आपल्या शाफई भावंडांना प्रवासात दोन नमाजा एकत्र करण्याचीही मुभा आहे. आम्ही हनफी, आम्ही वेळेवर पढू. फक्त घड्याळाकडे नीट बघावं लागेल. झिरो इतकं पूर्वेला आहे की त्या दिवसांत तिथं सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. मिरजेत असरचा चहा चालू असतो तेव्हा तिथं मगरिब झालेली असेल. किबला तिथून जवळजवळ सरळ पश्चिमेला येतो, आणि सप्टेंबरच्या अखेरीस सूर्यही जवळपास तिथंच बुडतो. मोबाइलला रेंज नसली तरी दिशा चुकायची नाही.

तिसरा आक्षेप, मेहरम. माझे मियाँ घरी राहून त्यांच्या अम्मींकडे बघणार आहेत. ते त्यांनी आपणहून ठरवलं, म्हणून त्यांना वेगळं शाबासकीपत्र देण्याची गरज नाही. यावरही उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. २०१८ पासून आपल्या देशातून पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना मेहरमशिवाय, गटानं हजला जाता येऊ लागलं. बायकांनी एकमेकींच्या सोबतीनं सुरक्षित जावं हा विचार तिथं चालतो, तर इथं तो विचारसुद्धा करायचा नाही, हे मला पटत नाही. सुरक्षितता ही सोबतीनं आणि तयारीनं येते. कुणी कुठं जाताना कुणाला सांगायचं, अंधार पडल्यावर कुठल्या जागेपलीकडे जायचं नाही, वैद्यकीय मदत कुठं मिळते हे पहिल्याच दिवशी बघून ठेवायचं, हे आम्ही कागदावर लिहिलं आहे.

चौथी काळजी मात्र मी हसण्यावारी नेत नाही. मोठे दीर म्हणाले, 'नावं बघून कुणी त्रास दिला तर?' लॉजवर नाव सांगितल्यावर खोली अचानक भरलेली असते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यातून आपला रस्ता आसाममधून. तिथं २०१९ च्या ऑगस्टअखेर नागरिकांची यादी लागली आणि तिच्यातून एकोणीस लाखांच्या वर माणसं बाहेर राहिली, हिंदूही आणि मुसलमानही. कागद हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

अरुणाचलला जायला तर परवानाच लागतो, इनर लाइन परमिट. त्याचं मूळ १८७३ च्या इंग्रजी कायद्यात आहे. इंग्रजांनी तो स्वतःच्या सोयीसाठी केला, पण आज तिथल्या जमातींना आपली जमीन आणि आपली संख्या राखायला तो आधार वाटतो. हा परवाना दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या प्रत्येक भारतीयाला लागतो. आमच्या विज्ञानाच्या बाई कुलकर्णी आहेत. अर्ज भरताना त्या म्हणाल्या, 'म्हणजे तिथं मी पण बाहेरचीच.' त्या हे सहज बोलून गेल्या. मला मात्र वाटलं, आपल्याच देशात दारावर थांबून 'येऊ का?' असं विचारण्याचा अनुभव प्रत्येकानं एकदा घ्यावा. आपल्याला तो अधूनमधून येतोच. इथं निदान तो सगळ्यांना सारखा आहे, आणि विचारणाऱ्याला त्याचं घर सांभाळायचं आहे.

या काळजीवर घरी बसणं हा उपाय नाही, तयारी हा आहे. आमच्या नावांची स्पेलिंग आधारवर एक, मतदार ओळखपत्रावर दुसरी, पॅनवर तिसरी, अशी अवस्था उर्दू नावांची नेहमीच होते. ती आधी सारखी करून घेतली. गुवाहाटीतली खोली पूर्ण नावानं नोंदवून, फोनवर बोलून पक्की केली. कागदांच्या प्रती चौघींच्या पिशव्यांत वेगवेगळ्या ठेवल्या. गुवाहाटीहून रात्रीच्या रेल्वेनं नाहरलगून आणि तिथून शेअर सुमोनं डोंगरातून झिरो. बोलण्याची अडचण येऊ नये, कारण अरुणाचलमध्ये वेगवेगळ्या जमातींची माणसं एकमेकांशी हिंदीतच बोलतात. उर्दूच्या शिक्षिकेला आणखी काय हवं?

पैशांबद्दल थोडक्यात : गेल्या वर्षापासून चौघींनी महिन्याला ठरावीक रक्कम भिशीसारखी बाजूला टाकली. दागिन्याची भिशी आपल्याकडे चालते, लग्नाच्या जोड्याची चालते. मग प्रवासाची का चालू नये?

आता मुद्द्यावर येते. आपण मुसलमान बायका प्रवास करत नाही असं नाही. लग्नाला जातो, मय्यतीला जातो, उरुसाला जातो, नशिबात असेल तर उमरा-हजला जातो. पण प्रत्येक प्रवासाला कुणाचं तरी किंवा कशाचं तरी कारण लागतं. स्वतःच्या आवडीसाठी निघालेली बाई आपल्याला दिसत नाही. याची किंमत आपल्या मुली मोजतात. शाळेची मुक्कामाची सहल निघाली की आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरून नकार येतो. त्या आयांना मी दोष देत नाही. ज्या बाईनं कधी अनोळखी गावी रात्र काढली नाही, तिला कुठला धोका खरा आणि कुठला नुसता ऐकीव, हे कसं कळणार? मग सगळ्यात सोपं उत्तर 'नाही' हेच असतं. मुलगी ते ऐकून गप्प बसते, आणि वीस वर्षांनी तिच्या मुलीला तेच उत्तर देते. नकाशात अरुणाचलवर बोट ठेवून 'देशात सूर्य आधी इथं उगवतो' असं मी दरवर्षी शिकवते. माझ्या विद्यार्थिनींमधून कुणी तिथं जाईल, असं मात्र त्यांच्या घरी कुणाच्या मनात येत नाही.

आईला 'हो, पण या अटींवर' असं म्हणता यायला हवं. अटी ठरवायच्या तर अनुभव हवा, आणि अनुभव निघाल्याशिवाय येत नाही. माझी मुलगी उद्या मैत्रिणींबरोबर कुठं जायचं म्हणेल तेव्हा मला तंबू कुठं लावलात, पाणी कुठून येतं, रात्री स्वच्छतागृहापर्यंत उजेड आहे का, हे विचारता येईल. 'लोक काय म्हणतील' याहून हे प्रश्न तिच्या जास्त उपयोगाचे आहेत.

झिरो सगळ्यांना परवडेल असं नाही, आणि त्या खोऱ्यालाही सगळ्यांनी एकदम जाणं परवडणार नाही. ती शेतं आहेत, लोकांची घरं आहेत. आपला प्लास्टिकचा कचरा आपण परत आणायचा आणि बांधावरून जपून चालायचं. पण पन्हाळा आहे, आंबोली आहे. चौघी जमवा, आधी एक रात्र काढून बघा. घरात हज करून आलेली कुणी बुजुर्ग असेल तर निघण्यापूर्वी तिच्याजवळ अर्धा तास बसा. तंबूतलं तिला पुष्कळ माहीत असतं, फक्त तिला ते आजवर कुणी विचारलेलं नसतं.