नशेतली रोजनिशी

मोटली क्रू या अमेरिकी रॉक बँडचा बासवादक निक्की सिक्स याचं ‘द हेरॉइन डायरीज’ २००७ साली आलं आणि वाचकांत दोन तट पडले. १९८६च्या नाताळपासूनची ही वर्षभराची रोजनिशी. ख्रिसमस ट्रीखाली उघडानागडा बसून दंडात सुई खुपसणारा माणूस पहिल्याच नोंदीत भेटतो. कुणी हेलावलं. कुणी विचारलं, एवढ्या नशेत असं ठाकठीक लिहिता येतं? शंका रास्तच. पण मध्ये मध्ये बँडमधले सोबती, आई, जुनी मैत्रीण बोलतात. त्याचं म्हणणं बिनदिक्कत खोडतात. तेही त्यानं छापलंय. आपल्याकडच्या किती आत्मचरित्रकारांनी बायकोला असं मध्येच बोलू दिलं असतं?